मूळपुरुषाचा शोध : सरगूर ते पंढरपूर

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर बोलावे, अशी समितीची अपेक्षा होती. परंतु त्या वाटचालीचे प्रत्यक्ष साक्षीदार असलेले तीन ज्येष्ठ शिक्षक माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा कितीतरी अधिकाराने बोलून गेले आहेत. म्हणून मी समितीच्या अनुमतीने वेगळा विषय घेतला आहे. आपल्या घराण्यातील जो पूर्वज प्रथम परक्या मुलखात जाऊन स्थिरावला, त्याचा माग कसा काढावा, हा तो विषय. तो शाळेशी संबंधित नाही असे मात्र कोणी समजू नये. माझ्या कार्यालयातील लोखंडी कपाटात त्याचा अर्धा भाग कुलूपबंद आहे.

त्या कपाटात जनरल रजिस्टर क्रमांक १ आहे. जून १९६४ मध्ये शाळेची पहिली घंटा वाजली, त्या दिवसापासूनच्या नोंदी त्यात आहेत. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचे कारण. शाई फिकट झाली आहे, कडा झिजल्या आहेत. तरी या शाळेतील कोणत्याही पुस्तकापेक्षा या रजिस्टराचे वाचक अधिक आहेत. दरवर्षी जून-जुलैत माणसे येतात आणि म्हणतात, “बाई, आजोबांचा दाखला मिळेल का?” कारण महाराष्ट्रात जातीचा दाखला मागताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वी आपले घराणे या राज्यात वास्तव्यास होते, याचा पुरावा मागितला जातो. आपल्या शाळेच्या पहिल्या तीन वर्षांच्या नोंदी १९६७ च्या त्या दिनांकापूर्वीच्या आहेत. त्या पानांवर ज्यांच्या आजोबांचे नाव आहे, त्यांचे काम सोपे होते. ज्यांचे आजोबा त्या काळी दुसऱ्या राज्यात होते, त्यांना मूळ राज्याकडे बोट दाखवले जाते. मग ते विचारतात, “मूळ म्हणजे नेमके कुठले हो?”

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले आणि कुणबी नोंदींच्या शोधात राज्यभरातील जुनी दप्तरे उघडली गेली. जन्ममृत्यूची कोतवाल बुके, महसुली पाहणीपत्रके, जेलची रजिस्टरे आणि अर्थातच शाळांची रजिस्टरे. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या लिपीला आपण विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतून निरोप दिला, तिच्याच दारात पुन्हा रांग लागली. त्या राजकीय वादात मी शिरणार नाही. मला त्यातून एवढेच दिसले, की पूर्वजांची आठवण माणसाला बहुधा गरजेपोटी होते.

आणि हे काही आजचेच नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर एक मराठी शिलालेख आहे. ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने तो ओळखला जातो आणि जगातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. १८०३ साली दुसरे सरफोजीराजे यांच्या आज्ञेने तो कोरला गेला. महाराष्ट्राबाहेर जाऊन स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्याने आपल्या पूर्वजांचा वृत्तांत दगडावर लिहून ठेवला, याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही. शहाजीराजे १६३८ नंतर बंगळूरला आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेथपासून सरफोजींपर्यंत सव्वाशे वर्षे लोटली होती. एवढ्या काळात या राजांनी वंशावळ दगडावर कोरली नव्हती. मग १८०३ लाच का?

सरफोजी हे दत्तक होते. १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु राजांच्या निधनानंतर गादीवर आले ते अमरसिंग. अनेक वर्षांच्या वादानंतर १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली, आणि लगेच १७९९ मध्ये करार होऊन राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. राजाकडे उरले ते मानसन्मान, पेन्शन आणि ग्रंथसंग्रह. त्यानंतर चार वर्षांनी हा लेख मंदिराच्या भिंतीवर आला. ज्याचा वारसाहक्क वादात सापडला होता आणि ज्याचे राज्य नुकतेच गेले होते, त्या राजाने आपण कोण हे चिऱ्यांवर कोरून ठेवले. लेखात ऐतिहासिक वृत्तांताबरोबरच सूर्यवंशापर्यंत आणि मेवाडच्या राण्यांपर्यंत नेलेली परंपराही आहे. म्हणून तो वाचताना, काय घडले याबरोबरच लिहिणाऱ्याला काय सिद्ध करावयाचे होते, हेही वाचावे लागते. वतनाच्या भांडणातील महजर, इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियती, घराण्यांचे छापील कुलवृत्तांत, हे सारे याच दृष्टीने वाचावयाचे असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा कागदांची रास आहे. हक्काचा प्रश्न निघाला नसता, तर त्यातल्या कित्येक घराण्यांची पाच नावेही आपल्याला कळली नसती.

आता सरगूरकडे वळते. ते माझ्या माहेरच्या घराण्याचे गाव, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर बोलण्याची सवलत घेते.

सरगूर हे म्हैसूर जिल्ह्यातील, म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, कबिनी नदीच्या परिसरात वसलेले लहानसे गाव. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडत असे. आता तालुक्याचे ठिकाण झाले आहे. एका बाजूला बंडीपूरचे आणि दुसऱ्या बाजूला नागरहोळेचे जंगल, त्या जंगलांत पिढ्यानपिढ्या राहिलेले जेनुकुरुब आणि बेट्टकुरुब, जवळच नुगु नदीवरचे धरण, आणि थोडे पुढे गेले की केरळची सीमा. मराठी माणसाने येथवर का यावे, असा प्रश्न नकाशा पाहताच पडतो. आमचे घराणे नामदेव शिंप्यांचे. माझे आजोबा शिवणयंत्र घेऊन सरगूरहून इकडे आले आणि येथेच राहिले. त्यांचे भाऊ तिकडेच राहिले. तिकडच्या घरात आजही चुलीपाशी मराठी बोलली जाते आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडले की कन्नड सुरू होते.

घरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा अशी : आमचा मूळपुरुष शहाजीराजांच्या लष्कराबरोबर कर्नाटकात उतरला. तो राजांचे तंबू शिवीत असे. राजांनी प्रसन्न होऊन त्याला सोन्याची सुई दिली. ती सुई पुढे पुरात वाहून गेली. बहुतेक घराण्यांत असे काहीतरी सोन्याचे असते आणि ते नेमके पुरात, चोरीत किंवा आगीत गेलेले असते! मी हे थट्टेने म्हणत नाही. लष्कराबरोबर शिंपी, लोहार, चांभार, तेली असा मोठा बाजार चालत असे. राहुट्या, डेरे, कनाती यांचा फरासखाना शिंप्यावाचून चालणे अशक्य. तेव्हा कथा अशक्य कोटीतली नाही. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

तपासणीची पहिली पायरी गणिताची. विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावी. एका पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षे धरतात. १६३८ पासून आजपर्यंत ३८० हून अधिक वर्षे होतात, म्हणजे तेरा ते पंधरा पिढ्या. श्राद्धात आपण पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे घेतो. घरात कोणी चौकस असेल तर पाच-सहा नावे सांगतो. आमच्या घरात वडिलांपासून वर मोजता सहा नावे पाठ होती आणि सहाव्या नावापाशी “हेच सरगूरला आले” असे म्हटले जाई. सहा पिढ्या मागे गेले की आपण एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पोहोचतो. शहाजीराजे तेथून आणखी दीडशे वर्षे मागे राहतात. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे कठीण.

दुसरी पायरी भूगोलाची. शहाजीराजांच्या जहागिरीचा प्रदेश म्हणजे बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा भाग. त्यांचे निधन १६६४ मध्ये झाले तेही उत्तरेकडे, होदिगेरे येथे. त्यांची समाधी तेथे आहे. श्रीरंगपट्टण आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख वडियारांचा होता. १६३९ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने श्रीरंगपट्टणवर चाल केली, ती कंठीरव नरसराज वडियार यांनी परतवली. पुढे १६८७ मध्ये बंगळूरही तीन लाख रुपयांच्या व्यवहारात चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. म्हणजे सरगूर हे जहागिरीतील गाव नव्हे. तेथे जाणारा शिंपी राजांची छावणी सोडून गेलेला असावा, किंवा छावणीशी त्याचा संबंधच नसावा.

तिसरी पायरी कागदाची. अशा शोधात आम्हा दक्षिणेकडच्या लोकांची एक विशेष अडचण असते, ती नावांची. जुन्या म्हैसूर भागात आडनाव लावण्याची चाल फारशी नाही. गावाचे आद्याक्षर, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि मग स्वतःचे नाव. माझ्या चुलतआजोबांच्या नावापुढे ‘एस.’ असे, ते सरगूरचे. दोन पिढ्या असे चालले की मूळ आडनाव घरातल्या लग्नपत्रिकेपुरते उरते आणि तिसऱ्या पिढीत तेथूनही जाते. मराठीपणाची खूण म्हणून नावाच्या शेवटी ‘राव’ तेवढा राहतो. गंमत अशी, की हेच आजोबा महाराष्ट्रात आले तेव्हा त्यांच्या मुलाचा शाळेत दाखला करताना लिपिकाला आडनाव हवे होते. आजोबांनी घरातले जुने आडनाव सांगितले, आणि दीडशे वर्षे नुसते आठवणीत जगलेले नाव एका सकाळी पुन्हा कागदावर आले. लिपिकाची ती एक ओळ नसती, तर मला पुढचा शोध करताच आला नसता. आमच्या कार्यालयातील सहकाऱ्यांनी आपल्या टाकाचे महत्त्व यावरून ओळखावे.

आडनाव हाती असले की तीर्थक्षेत्री जाता येते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. यात्रेकरू आला की उपाध्याय त्याच्याकडून ‘लेख’ घेतात : नाव, बापाचे नाव, आजाचे नाव, भाऊ, मुलगे, हल्लीचे गाव, मूळ गाव, आणि शेवटी सही. पुढच्या पिढीतला कोणी आला की जुना लेख उघडून दाखवतात आणि त्याखाली नवा लिहून घेतात. शिंप्यांचे कुलदैवत विठ्ठल आणि संत नामदेव म्हणजे घरातले माणूस. त्यामुळे आमच्याकडचा लेख असेल तर पंढरपूरलाच असेल, हे उघड होते. तेथील क्षेत्रोपाध्यायांच्या घरी दुसऱ्या खेपेला आमचा लेख सापडला. शके १८०३ चा, म्हणजे इसवी सन १८८१ चा, मोडीतला. लिहून देणारे माझे खापरपणजोबा. मुक्काम सरगूर, संस्थान म्हैसूर. त्यांनी वडिलांचे नाव दिले आहे, आजाचे नाव दिले आहे, आणि आजाच्या नावाशी ते विजापुराकडून सरगुरास येऊन राहिल्याचे स्पष्ट नोंदवले आहे. घरातल्या पाठ यादीतील सहावे नाव तेच.

लेखात शहाजीराजे नाहीत. तंबू नाहीत. सुईही नाही.

खापरपणजोबांचे वय लेखाच्या वेळी तिशीच्या पुढचे धरले, तर त्यांचे आजोबा अठराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले आणि १८१० ते १८३० च्या दरम्यान सरगूरला आलेले ठरतात. त्या काळचे म्हैसूर डोळ्यांपुढे आणावे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला, पाच वर्षांचे मुम्मडि कृष्णराज वडियार गादीवर बसवले गेले. राजधानी म्हैसूरला आली आणि दिवाण पूर्णय्यांच्या कारभाराखाली ते शहर नव्याने उभे राहू लागले. १८०७ च्या करारान्वये म्हैसूरने चार हजार घोडेस्वार बाळगावयाचे होते, आणि त्या स्वारांना ‘सिलेदार’ हाच आपला शब्द होता. दप्तरात कन्नडाबरोबर मराठीही चाले. अशा राज्यात उत्तरेकडच्या शिंप्याला, रंगाऱ्याला, कारकुनाला काम होते. तिकडे विजापूरचा मुलूख कोरडा, वारंवार दुष्काळात सापडणारा. इकडे कबिनीचे पाणी. एक तरुण कारागीर सुई, कात्री आणि गज घेऊन दक्षिणेला चालत गेला, हे समजायला फार मोठ्या ऐतिहासिक प्रसंगाची गरज नाही.

पण घरात या निष्कर्षाचे स्वागत झाले नाही. माझे चुलतबंधू घराण्याची पुस्तिका छापण्याच्या तयारीत होते. तिच्या पहिल्या पानावर ‘छत्रपतींचे पिताश्री शहाजीराजे यांच्या लष्करासमवेत आलेले’ हे वाक्य आधीच जुळवून झाले होते. “ताई, हे काढले तर मुलांना सांगायला काय उरेल?” असे एकाने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. परमुलखात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या घराला अशा वाक्याचा आधार किती असतो, हे महाराष्ट्रात राहून कळत नाही. आपली भाषा शेजाऱ्यांना समजत नाही, आपले आडनाव कोणाला उच्चारता येत नाही, तेव्हा ‘आम्ही राजांबरोबर आलो’ हे वाक्य पाठीच्या कण्यासारखे काम करते. तरीही मी आग्रह धरला, की पुस्तिकेत दोन्ही गोष्टी याव्यात, पण वेगवेगळ्या जागी. लेखाचे छायाचित्र आणि देवनागरी लिप्यंतर पहिल्या पानावर, आणि सोन्या सुईची कथा ‘घरात सांगितली जाणारी गोष्ट’ या शीर्षकाखाली. मतभेद वर्षभर चालला. एका घराने वर्गणी परत मागितली.

अखेर सरगूरच्या आत्यांपुढे विषय गेला. त्या ऐंशीच्या पुढच्या; घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. मी लिप्यंतर वाचून दाखवले. त्यांनी सगळी नावे डोळे मिटून ऐकली, मधे एकदा पुन्हा वाचायला लावले आणि मग विचारले, “हे सगळे बाप्येच. तो एकटाच आला होता काय गं? त्याच्या बायकोचं नाव कुठं आहे?”

भाऊ हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या प्रश्नाला लेखात उत्तर नव्हते. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मुलगे येतात, भाऊ येतात, पुतणे येतात. बायका आल्या तर ‘सहकुटुंब’ या एका शब्दात. विसाव्या शतकात छापल्या गेलेल्या कुलवृत्तांतांतही मुलीच्या नावापुढे सासरचे गाव लिहून रेघ संपवलेली असे. विवाहात स्त्रीचे आडनाव बदलते, कित्येक घरांत नावही बदलते. म्हणजे तिचा माग दोन्ही टोकांनी पुसला जातो. आणि तरी सरगूरच्या घरात दोनशे वर्षे मराठी टिकली ती कोणामुळे? पुरुष दुकानात दिवसभर कन्नड बोलत. मराठी टिकली पाळण्यापाशी, जात्यापाशी, चुलीपाशी. आत्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. विठ्ठल, रुक्मिणी, चंद्रभागा यांची नावे त्यांत आहेत, आणि त्यांनी स्वतः पंढरपूर वयाच्या साठीपर्यंत पाहिलेही नव्हते. ज्या मूळस्त्रीचे नाव आम्हांला ठाऊक नाही, तिचा आवाज मात्र मी ध्वनिमुद्रित करून आणला आहे, असे मला कधीकधी वाटते. पुस्तिकेत आता वंशवृक्षाच्या पहिल्या ओळीत मूळपुरुषाच्या नावाशेजारी एक रिकामी चौकट छापली आहे. हा आग्रह आत्यांचा.

चालत गेलेल्या माणसाची नोंद कोणी ठेवत नाही, हे या शोधात मला फार जाणवले. याच्या उलट उदाहरण मॉरिशसचे. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्या प्रत्येकाला क्रमांक दिला गेला आणि नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज यांची नोंद झाली. पुढे तर छायाचित्रेही काढली गेली. ती कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केली आहेत. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. आज तेथील मराठी कुटुंबे तो क्रमांक घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर आपले घर शोधत येतात. ती नोंद प्रेमाने ठेवलेली नव्हती; मजूर पळाला तर ओळखता यावा, एवढाच तिचा हेतू होता. पण पणतवंडांना तीच कामी आली. आमच्या शिंप्याला कोणी मालक नव्हता, म्हणून त्याला क्रमांकही नव्हता. कोणाचे नशीब चांगले म्हणावे?

आपल्या या भागात कागदाखेरीज आणखी एक साधन आहे आणि ते डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे. हेळवी. कर्नाटकातून सीमाभागात, सांगली-कोल्हापूर-सोलापुराकडे बैलगाडीने येणारे हे लोक. दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात, नवी जन्मलेली मुले वहीत चढवतात आणि धान्य, कपडा, पैसा घेऊन पुढे जातात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी हेळवी पाहिला आहे, असे मी गेल्या वर्षी विचारले, तेव्हा बाराशे मुलांत चाळीसच हात वर झाले. एका मुलाने सांगितले, “आमच्याकडे येतात, पण आम्ही आता सोसायटीत राहतो, वॉचमन आत सोडत नाही.” वंशावळ घेऊन आलेला माणूस फाटकाशी अडला आहे, हे चित्र मला अस्वस्थ करून गेले. ज्यांच्या गावी अजून हेळवी येतात, त्यांनी या वर्षी त्यांना पाच मिनिटे अधिक बसवावे, वहीच्या पानाचे छायाचित्र मागावे आणि दक्षिणा जरा सढळ हाताने द्यावी.

बोलीकडेही लक्ष द्यावे. घरात आजी जे शब्द वापरते आणि शेजारी वापरत नाहीत, ते लिहून ठेवावेत. आपल्या मराठीतले अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कन्नडशी असलेल्या जुन्या घरोब्याची साक्ष देतात. तसेच परमुलखात गेलेल्या मराठीत आपण विसरलेले शब्द सापडतात. कुलदैवत कोणते, लग्नात देवक कोणते, वर्षाचा कोणता सण इतरांहून वेगळ्या रीतीने होतो, हेही विचारावे. बंगळूरला जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे तुमचे आवडते रजनीकांत, यांच्याविषयी पुरंदर तालुक्यातले मावडी कडेपठार हे गाव अभिमानाने बोलते. पूर्वजांचे गाव असे नातवंडा-पणतवंडांना सोडत नाही.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे मी हा विषय निवडला. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला ‘आमचे घराणे’ हा प्रकल्प दिला होता. छान छान वंशवृक्ष आले. रंगीत, चिकटवलेले, काही तर छापून आणलेले. एका मुलीने कोरा कागद दिला. तिचे आईवडील कलबुर्गी जिल्ह्यातून बांधकामावर आलेले. तिने खाली लिहिले होते, “आजोबांच्या आधीचे कोणालाच ठाऊक नाही. आजोबा वारले.” वर्गशिक्षिकेने तिला गुण द्यावेत की नाही, असे मला विचारले. मी त्या मुलीला बोलावून घेतले आणि सांगितले, की वृक्ष वरून खाली काढण्याऐवजी तू खालून सुरू कर : आई कोणत्या साली आली, कोणत्या एस.टी.ने आली, बरोबर कोण होते, पहिली खोली कोठे मिळाली, पहिले मराठी वाक्य कोणते शिकली. तिने चार पाने लिहून आणली. त्यात तिच्या आईचे पूर्ण नाव, माहेरच्या नावासह, पहिल्याच ओळीत आहे. आमच्या सरगूरच्या पुस्तिकेत जी चौकट रिकामी आहे, ती तिच्याकडे भरलेली आहे. दोनशे वर्षांनी तिच्या घराण्यातला कोणी शोध घेत येथे आला, तर त्याला मूळस्त्री सापडेल.

आपल्या शाळेच्या पहिल्या रजिस्टरात बहुतेक जन्मस्थाने याच तालुक्यातली आहेत. चालू रजिस्टरात कलबुर्गी, विजयपुरा, यादगीर, बस्ती, गोरखपूर, मुर्शिदाबाद ही नावे आहेत. ही मुले मराठी माध्यमात शिकत आहेत, मराठीत भांडत आहेत आणि मराठीत निबंध लिहीत आहेत. सरगूरला माझ्या मूळपुरुषाची मुले कन्नड शाळेत अशीच गेली असतील. शिक्षक म्हणून आपण त्यांच्याकडे कसे पाहतो, याचा विचार करताना मला तो विजापूरकडून चालत गेलेला तरुण आठवतो आणि मी जन्मस्थानाचा रकाना स्वतः तपासते. तेथे नुसते राज्याचे नाव चालत नाही. गाव, तालुका, जिल्हा, तिन्ही हवे.

शेवटी, हीरक महोत्सव समितीने या वर्षात हाती घेतलेल्या कामाची माहिती देते. जनरल रजिस्टर क्रमांक १ ते ४ यांची पाने छायांकित करून त्यांची एक प्रत ग्रंथालयात आणि एक संस्थेच्या कार्यालयात ठेवण्यात येत आहे. मूळ रजिस्टरे आम्लमुक्त वेष्टनात जातील. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना मोडी वाचता येते, त्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत; पालकांच्या घरातील जुने कागद दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचून दिले जातील. कागद फाटके असले तरी आणावेत, चिकटपट्टी लावू नये. आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी शंभर पानी वह्या ग्रंथपाल बाईंकडे आल्या आहेत. प्रत्येकाने पहिल्या पानावर आईचे आणि आजीचे माहेरचे नाव लिहावे, मग बाकीचे. वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे जमा कराव्यात.